तीन टक जाडीची रेघ

११ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. निवृत्त माणसाची शिस्त सुटते म्हणतात. माझी सुटणार नाही. शिवाय येत्या काही दिवसांत माझ्या हातून एक चांगलं काम घडणार आहे, त्याची कुठेतरी नोंद हवी.

काल ताई रेंजवरून वैतागून आली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. वय त्रेसष्ट, जन्मभर शाळेत पी.टी. शिकवली, आणि गेली बारा वर्षं आमच्या रायफल क्लबच्या टीममध्ये आहे. खालच्या मजल्यावर ती एकटी, वर आम्ही नवरा-बायको. जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, छोट्या, दुर्बिणीवरची ती मेली रेघ आता दिसतच नाही बघ. (मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. छोट्या!)

तांत्रिक नोंद, म्हणजे पुढे घोळ नको. रायफलवरच्या दुर्बिणीच्या डोक्यावर एक फिरती टोपी असते. तिला टरेट म्हणतात. टोपीवर गोल आकडे, खाली नळीवर केसाएवढी रेघ. पन्नास, पंचाहत्तर, शंभर मीटर असं अंतर बदललं की टोपी फिरवायची आणि त्या अंतराचा आकडा रेघेसमोर आणायचा. एकेक घर सरकलं की टक वाजतं. रेघ दिसली नाही की आकडा चुकतो, आकडा चुकला की गोळी चुकते. इतकं सोपं आहे.

पाणीपुरवठा खात्यात पस्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. रेघ म्हणजे काय हे मला कोणी सांगायला नको.

हिला बेत सांगितला. ही म्हणाली, आधी ताईंना विचारा. विचारून कोणी सरप्राइज देतं का?

१३ फेब्रुवारी, दुपारी १२

काम फत्ते.

ताईची रायफल असते क्लबच्या कुलपात, पण दुर्बीण ती पुसायला घरी आणते. आज ती डॉक्टरकडे गेली होती, काहीतरी रूटीन चेकअप. तिच्या घराची किल्ली आमच्याकडे असतेच. दीड तास मिळाला.

प्रथम व्हाइटनर. वाळल्यावर पोपडा निघाला. मग हिचं नेलपॉलिश, पण ते निघालं गुलाबी. पुसलं. शेवटी फाटकाला लावून उरलेला पिवळा ऑइलपेंट, आगकाडीचं टोक तासून. पहिली रेघ सुरेख आली, अगदी ऑफिसात काढायचो तशी. पण चष्मा काढून बघितलं तर दिसेना. मग थोडी जाड केली. मग आणखी थोडी. आता दारात उभं राहूनही दिसते.

१४ फेब्रुवारी

ताईने बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाली, छोट्या, हे तू केलंस? मग हसायला लागली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाली, झकास दिसतंय.

चांगलं काम करावं आणि गप्प बसावं. (हिला तीनदा सांगितलं.)

१६ फेब्रुवारी, रविवार

क्लबात मी आकडेवाला आहे, म्हणजे सगळ्यांचे स्कोअर मी लिहितो. स्वतः कधी गोळी झाडलेली नाही, आवाजाने दचकतो. आज सगळे माझी रेघ बघायला टेबलाशी आले. ताईने प्रत्येकाला सांगितलं, माझ्या भावाने केलीय. क्लबातले दाताचे डॉक्टर म्हणाले, माझ्याही दुर्बिणीला करून द्या. तिथल्या तिथे दिली. पेंट खिशात होताच.

विचार चालू आहे: क्लबातल्या सगळ्या दुर्बिणींना एकसारखी रेघ. नोटीस बोर्डवर आकृती. पुढे इतर क्लबही येतील. एक छोटी पुस्तिका लिहावी काय?

२० फेब्रुवारी

ताईचा स्कोअर २५९. तीनशेपैकी. एरवी २८० च्या खाली कधी येत नाही. वारा होता.

पुस्तिकेचं पहिलं पान लिहून झालं.

२३ फेब्रुवारी, रविवार

ताई २५२. वारा नव्हता.

दाताचे डॉक्टर २७९. एरवी ते २६० ला पेढा मिळाल्यासारखे खूश असतात. आज मला मिठीच मारायला आले.

२४ फेब्रुवारी, सकाळी १०.३०

वही दोनदा उघडून मिटली. तरी लिहितो.

ताई भाजी आणायला गेली तेव्हा खाली जाऊन दुर्बीण काढली. आकडा रेघेसमोर होता. टोपी एक घर फिरवली. टक. आकडा रेघेसमोरच. आणखी एक. टक. रेघेसमोरच. तिसरं टक. तरी रेघेसमोरच! माझी रेघ तीन टक जाडीची आहे. त्यातलं नेमकं कुठलं टक खरं, हे त्या बिचारीला कसं कळणार?

टोपी होती तिथे परत आणून ठेवली. वर येऊन हिशोब मांडला. शंभर मीटरवर एका टकाने गोळी सात मिलिमीटर सरकते. तीन टक म्हणजे दोन सेंटिमीटरच्या वर. दहा गुणांचं वर्तुळ केवढं असतं ते मला पाठ आहे.

ज्या माणसाने पस्तीस वर्षं ज्युनियर लोकांना जाड रेघेबद्दल झापलं, त्या माणसाने हे केलं. सख्ख्या बहिणीच्या दुर्बिणीवर.

आज संध्याकाळी चहाच्या वेळी सांगून टाकायचं. ठरलं.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६

नाही जमलं. चहा ओतताना तिचा अर्धा कप बशीत सांडला. ताईचा! जी चालत्या बसमध्ये उभ्याने चहा पिते. स्कोअरचा किती धसका घेतलाय तिने. फडकं आणून टेबल पुसलं आणि म्हटलं, पाणी चांगलं तापलंय आज. काय वाक्य आहे हे?

२६ फेब्रुवारी

ताईने चहा सोडला. म्हणाली, नकोसा झालाय. माझ्या एका रेघेने एका बाईचा चहा सुटला.

संकल्प: कबुली देईपर्यंत मीही चहा घेणार नाही.

२६ फेब्रुवारी, दुपारी ४

डोकं दुखत होतं म्हणून अर्धा कप घेतला. अपराधी माणसाने आजारी पडून कोणाचंच भलं होत नाही.

१ मार्च

रोज सकाळी खाली जातो. सांगायलाच जातो. मग तिथे काहीतरी काम दिसतं आणि ते करून परत येतो. आतापर्यंत झालेली कामं: गळका नळ, खिडकीचा खटका, माळ्यावरचे डबे, बरण्यांची झाकणं. (झाकणं फार घट्ट नव्हती, पण ती म्हणाली उघडून दे, तर दिली.) आज तिने शाळेतल्या मैत्रिणीला पत्र सांगितलं आणि मी लिहिलं. म्हणाली, तुझं अक्षर चांगलं आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विचारत होती, छोट्या, तुला काही हवंय का रे? हल्ली रोज येतोस.

तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

४ मार्च

ही म्हणाली, त्या दुर्बिणीकडे बघत बसण्यापेक्षा जरा ताईंकडे नीट बघा. बायकांना तांत्रिक गोष्टी कळत नाहीत. दोष दुर्बिणीत आहे तर ताईकडे बघून काय होणार? शिवाय मला तिच्याकडे बघवतच नाही. मान खाली घालून जातो, मान खाली घालून येतो.

८ मार्च, शनिवार

आज आंतरक्लब सामन्यासाठी टीम निवडायची होती. चार जण. ताई २४४. मी तो आकडा माझ्या हाताने फळ्यावर लिहिला.

कॅप्टन काही बोलायच्या आत ताई स्वतःच उठली. म्हणाली, माझ्या जागी डॉक्टरांना घ्या. डॉक्टर २८६! त्यांच्या जन्मातला सगळ्यात मोठा स्कोअर, आणि तोही माझ्याच पिवळ्या रेघेवर. हे कसं काय? बराच विचार केला. दातांच्या माणसाला बारीक बघायची सवय असते, त्यामुळे जाड रेघेचाही मध्य सापडत असणार. ताईला ती सवय नाही. म्हणजे चूक पुन्हा माझीच.

बारा वर्षांची जागा. डॉक्टर माझे आभार मानत होते. मी मान डोलावली. खाली मान घालण्यापेक्षा ते बरं.

९ मार्च

कबुलीचा मसुदा क्रमांक एक: 'ताई, तुला एक सांगायचंय, पण आधी तू बस.' फाडला. ती बसली की उठताना खुर्चीचा हात धरते हल्ली. तेही मनाला लागलेलं दिसतंय.

मसुदा क्रमांक दोन पत्ररूपाने. चार पानं झाली. त्यातली तीन माझ्या बालपणाबद्दल निघाली.

नवा विचार: सांगायची गरजच काय? गुपचूप दुरुस्त करावं. तिचा स्कोअर वर येईल, ती टीममध्ये परत येईल, कोणाचं मन दुखावणार नाही. खरी कबुली कृतीतून द्यावी.

१२ मार्च, सकाळी ११

ब्लेडने पिवळा रंग खरवडला. निघाला. त्याखालचा काळा थरही निघाला. आणि त्याबरोबर ती मूळची केसाएवढी रेघही गेली. आता तिथे चकचकीत धातूचा ठिपका आहे आणि रेघ मुळीच नाही.

पाचावर धारण बसली. टोपीला हात लावला नव्हता एवढं नशीब. अंदाजाने नवी रेघ काढली, बारीक. अंदाज बरोबर असेल असं वाटतं. असेलच. चुकली तर साधारण एक टक इकडे किंवा तिकडे.

नाही, दोन. खोटं कशाला लिहू, तेही स्वतःच्या वहीत.

१५ मार्च

ताईने नव्या रेघेबद्दल एक शब्द काढला नाही. पिवळी कुठे गेली, हेही नाही. स्कोअर २४३.

म्हणजे रेघ जाड असताना २४४, आणि चुकीच्या जागी असताना २४३. यावरून एकच निष्कर्ष निघतो: माझ्या दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतायत. पण ते पुरेसं नाही.

१७ मार्च

ताईने क्लबला पत्र दिलं. सामन्याच्या दिवसानंतर नेमबाजी बंद, स्वतःची रायफल क्लबला भेट. कारण लिहिलंय: आता पुरे झालं.

मला बातमी क्लबच्या लिपिकाकडून कळली. दिवसभर गच्चीवर बसलो होतो. आमचे मेहुणे गेले त्यानंतर ती वर्षभर कोणाशी बोलत नव्हती. मग एक दिवस स्वतःच उठून रेंजवर गेली आणि तिथून माणसांत आली. ते मी तिच्याकडून काढून घेतलं. पेंटच्या अर्ध्या डब्याने.

आता लपवणं शक्य नाही.

१९ मार्च

सामन्यानंतर ताईचा छोटा निरोप समारंभ आहे. भाऊ म्हणून मी दोन शब्द बोलावेत असं कॅप्टन म्हणाले. डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिथेच कबूल करायचं. सगळ्यांसमोर. घरात चोरून सांगितलं तर ती मला माफ करून मोकळी होईल आणि नेमबाजी सुटेलच. चारचौघांत सांगितलं तर क्लब तिला सोडणारच नाही. माझी बेअब्रू, तिची जागा परत. सौदा चांगला आहे.

हिला सांगितलं नाही. ही म्हणणार, आधी ताईंना विचारा.

२१ मार्च

आरशासमोर सराव. भाषण सहा मिनिटं. 'तो हात माझा होता' इथे दोनदा डोळ्यांत पाणी आलं, दोन्ही वेळा बरोबर त्याच शब्दावर. आवाज चांगला लागतो माझा. उगाच इतकी वर्षं नकाशे काढले.

ताई संध्याकाळी म्हणाली, रविवारी फार काही बोलू नकोस हं. आभार मान आणि बस. मला गाजावाजा नको, गुपचूप निघायचंय.

हळवी झालीय.

२३ मार्च, रविवार, संध्याकाळी ७.४०

झालं तसं लिहितो.

सामना हरलो. तिसरे आलो. डॉक्टर २८१. समारंभ क्लबच्या वरच्या खोलीत, तीसेक माणसं. ताईला शाल आणि फुलं दिली. मग मी उठलो.

भाषण मनासारखं झालं. पिवळी रेघ, तीन टक, ब्लेड, सगळं सांगितलं. 'तो हात माझा होता' म्हटल्यावर डोळ्यांत पाणी आलं, बरोबर त्याच शब्दावर. म्हटलं, ताईचे डोळे शाबूत आहेत, नेम शाबूत आहे, ती थकलेली नाही, तिला मी हरवलं. तिला जाऊ देऊ नका.

मग डॉक्टर उभे राहिले. म्हणाले, असं असेल तर ही जागा माझी नाहीच. कॅप्टननी ताईचं पत्र काढलं आणि सगळ्यांसमोर टरकन फाडलं. टाळ्या. कोणीतरी म्हणालं, ताई, आत्ताच्या आत्ता पाच गोळ्या होऊन जाऊ द्या, दुर्बीण माझी घ्या. लिपिक धावत जाऊन रायफल घेऊन आला. सगळे उभे. टाळ्या थांबेनात. मी रडत होतो आणि मला फार म्हणजे फार बरं वाटत होतं.

ताई बसलेलीच होती. माझ्याकडे बघत होती. मग उठली, शाल खुर्चीवर ठेवली आणि उजवा हात टेबलावर धरला, पंजा पालथा, बोटं पसरून. म्हणाली, बघा.

हात थरथरत होता. थोडा नाही. टेबलावरचा फुलांचा कागद तिच्या बोटांना लागून वाजत होता.

म्हणाली, सप्टेंबरपासून आहे. औषध चालू आहे. थांबणारं नाही, फार तर हळू वाढेल. हे कोणाला न सांगता जायचं होतं. बसा सगळे.

सगळे बसले. लिपिक रायफल घेऊन तसाच दारात उभा राहिला. कॅप्टन फाडलेल्या पत्राचे तुकडे गोळा करायला लागले. बारा वर्षं ज्या माणसांसमोर ती ताठ चालली, त्यांनी तिच्याकडे कसं बघितलं ते मी बघितलं. त्यांना ते बघायला मी लावलं.

घरी येताना ताई गाडीत पुढे बसली. ही मागे. मी म्हटलं, पण ती रेघ? ताई म्हणाली, तुझी रेघ मी दुसऱ्या दिवसापासून बघतच नव्हते. पन्नासवरून पंचाहत्तर चौदा टक, तिथून शंभर सतरा टक. डोळे मिटून मोजते. आवाज येतो की चांगला.

मग पहिल्या दिवशी, दिसत नाही असं का म्हणालीस? म्हणाली, मान हलते, हात हलतो, मग रेघ कशी दिसणार? जिन्यात काय सगळं सांगत बसू?

मला का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. हिला माहीत होतं. डॉक्टरकडे दर वेळी हीच बरोबर जात होती. मी घरात होतो आणि मला कधी प्रश्न पडला नाही की दोघी कुठे जातात. ताई म्हणाली, सांगणार होते. पण तू त्या रेघेवर इतका खूश होतास. आणि नंतर रोज सकाळी यायला लागलास, नळ दुरुस्त केलास, पत्र लिहिलंस. आधी महिना महिना जिन्यात भेटायचास. म्हटलं, काय असेल ते असो, येतोय तर येऊ दे.



२३ मार्च, ९.१५

रेघेच्या आरोपातून मी सुटलो. हे लिहून ठेवावंसं वाटलं म्हणून वही पुन्हा उघडली. लिहिल्यावर लाज वाटली. महिनाभर मी पश्चात्ताप करत होतो तो एका पिवळ्या रेघेचा, आणि त्यातही मीच मध्यभागी होतो. कप सांडला तो माझ्यामुळे, चहा सुटला तो माझ्यामुळे, खुर्चीचा हात धरला तोही माझ्यामुळे. तिला काहीतरी स्वतःचं झालेलं असू शकेल, हे एकदासुद्धा मनात आलं नाही.

हिला विचारलं, तू तरी का नाही बोललीस? ही म्हणाली, बोलले होते. चार मार्चला. मी वही मागे उलटून बघितली. बोलली होती.

२४ मार्च, सकाळी ८

खाली गेलो. आज सांगायचं काही नव्हतं आणि दुरुस्त करायचंही काही सापडलं नाही. दारातच उभा राहिलो. ताईने विचारलं, आता काय करून ठेवलंस? म्हटलं, काही नाही. म्हणाली, मग आत ये.

माफ कर म्हटलं. म्हणाली, कालचं म्हणतोस? कालचं मला जड गेलं, छोट्या. लगेच नाही जमायचं. थोडे दिवस लागतील.

मी बरं म्हटलं. तिला बाहेर जायचं होतं. स्वेटरची बटणं लावून दिली, वरून तीन. चौथ्याशी तिने माझा हात बाजूला केला. म्हणाली, हे मी लावते. फार वेळ लागला. मी बघत थांबलो.